ट्रान्सफर केस दोनदा बदलली, तरी लिव्हर अडकतोच: दोष केसमध्ये नव्हता

ज्यांच्या जुन्या फोर बाय फोर गाडीत वापरलेली ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी) बसवली आहे आणि काही महिन्यांत पुन्हा तोच त्रास सुरू झाला आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. माझी गाडी २००५ सालची जिप्सी किंग, १.३ लिटरची. मूळ केस गेल्यावर मी एकापाठोपाठ दोन वापरलेल्या केसेस बसवल्या आणि दोन्हींचे हाल मूळ केससारखेच झाले. तिसऱ्या वेळी कळलं की केस बिघडत नव्हती, गाडीतलीच दुसरी एक चूक तिला बिघडवत होती.

आधी त्रास नेमका काय होता ते सांगतो. आमचं शेत वेल्ह्याच्या बाजूला डोंगराच्या उतरणीवर आहे. शेवटचा दोनेक किलोमीटरचा चढ एवढा उभा आहे की पावसाळ्यात फोर बाय फोर टाकल्याशिवाय गाडी वर जात नाही. वर पोहोचून लिव्हर फोर-एचमधून (चारही चाकांना ताकद) टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना) काढायला गेलं की तो हलायचाच नाही. दोन्ही हातांनी ओढावा लागायचा, आणि सुटताना गाडीखालून धाडकन आवाज यायचा. वळणावर स्टिअरिंग जड व्हायचं, गाडी अडखळत चालायची. असं काही आठवडे चाललं की उलटा प्रकार सुरू व्हायचा. चढावर असताना लिव्हर आपोआप फोर-एचमधून टू-एचमध्ये उडायचा. सोबत पुढच्या फ्लँजच्या (केसला शाफ्ट जिथे जोडतो त्या चकतीच्या) सीलमधून तेल गळायचं आणि पुढच्या आउटपुटच्या बेअरिंगची घरघर ऐकू यायची.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, ट्रान्सफर संपली. जुनी मिळते, टाकून देऊ." मलाही ते पटलं. जिप्सीचं उत्पादन २०१८-१९ च्या सुमारास थांबलं. नवी केस मिळवणं अवघड, आणि लष्कराच्या निकाली निघालेल्या गाड्यांचे भाग बाजारात येतात, म्हणून वापरलेली केस घेणं सगळ्यांनाच सोपं वाटतं.

दुसरी केस, आणि तिने लावलेला चकवा

पहिली वापरलेली केस बसवली त्या दिवशीच इंजिनचा आवाज वाढल्याचं जाणवलं. हायवेला पाचव्या गिअरमध्येही इंजिन ओरडत होतं. मिस्त्रींना वाटलं गिअरबॉक्सचं काही असेल. खरं कारण साधं होतं: ती केस १ लिटरच्या जुन्या जिप्सीची निघाली.

हे समजून घेणं प्रत्येक जिप्सीवाल्यासाठी गरजेचं आहे. १९८५ च्या अखेरीस आलेली मूळ जिप्सी ९७० सीसीची. तिच्या केसचं हाय रेंजचं प्रमाण (आउटपुटच्या एका फेऱ्याला इनपुटचे किती फेरे) १.५८० आणि लोचं, म्हणजे कमी वेग-जास्त ताकदीच्या रेंजचं, २.५११ आहे. १९९६ पासूनच्या १.३ लिटर किंगमध्ये ते १.४०९ आणि २.२६८ आहे. बाहेरून दोन्ही केसेस जवळजवळ सारख्याच दिसतात, म्हणून विकणाऱ्यालाही हातातली केस कुठल्या गाडीची हे बरेचदा ठाऊक नसतं. १ लिटरची केस किंगमध्ये बसवली की त्याच वेगाला इंजिन सुमारे १२ टक्के जास्त फिरतं. म्हणजे आधी ३,००० वर चालणारं इंजिन आता ३,३५० च्या पुढे जातं. डोंगरात फिरणारे काही जण लो रेंज अधिक ताकदीची मिळावी म्हणून मुद्दाम अशी केस बसवतात. त्यात चुकीचं काही नाही, पण घेताना आपण काय घेतो आहोत ते माहीत हवं.

ओळखायची रीत सोपी आहे. केस बाकावर ठेवा, लिव्हर टू-एचमध्ये टाका, इनपुट आणि मागच्या आउटपुटच्या फ्लँजवर खडूने खूण करा. आउटपुट बरोबर १० फेरे फिरवा आणि इनपुटचे फेरे मोजा. १४ च्या थोडं पुढे गेलं तर ती किंगची, १६ च्या जवळ पोहोचलं तर १ लिटरची. लोमध्ये हाच आकडा २२-२३ किंवा २५ येतो. पाच मिनिटांचं काम आहे. विकत घेताना दुकानातच करा, घरी आणून नव्हे. सोबत फ्लँजच्या भोकांचा नमुना आपल्या शाफ्टशी जुळवून पाहा, कारण तोही सगळ्या केसेसचा सारखा नसतो.

तर, केस चुकीची निघाली म्हणून चार महिन्यांनी लिव्हर पुन्हा अडकायला लागला तेव्हा आम्ही दोघांनीही तिच्यावरच ठपका ठेवला. "भलत्या गाडीची केस, ती असंच करणार." तिसरी केस शोधून आणली. या वेळी फेरे मोजून, किंगची. दोन महिन्यांत पुन्हा तेच.

लिव्हर "सुटतो" म्हणजे नेमका कुठून कुठे?

इथे थोडं थांबून एक फरक स्पष्ट करतो, कारण गॅरेजमध्ये "गिअर उडतो" या एकाच वाक्यात दोन वेगळे आजार मोडतात.

लिव्हर फोर-एलमधून (चारही चाकं, लो रेंज) न्यूट्रलमध्ये उडत असेल तर आधी केसची रबर माउंटिंग बघा. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती चेसिसवर तीन रबरांवर वेगळी टांगलेली असते आणि मध्ये एक आखूड प्रॉपेलर शाफ्ट असतो. लो गिअरमध्ये जोर आला की फाटक्या रबरांवर केस पिळली जाते आणि लिव्हर गाडीच्या तळाच्या पत्र्याला टेकून मागे ढकलला जातो. दोघांचं काम आहे: एकाने ब्रेक घट्ट दाबून फोर-एल आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच हलकेच सोडायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून लिव्हर किती हलतो ते पाहायचं. गाडीच्या समोर किंवा मागे कोणीही उभं राहू नये. लिव्हर दोन-तीन बोटं सरकताना दिसला तर रबरं बदला. रबरं ठीक असतील तर लिव्हरला प्रत्येक जागी "टक" करून धरून ठेवणाऱ्या गोळ्या आणि त्यांच्या स्प्रिंगा बघा. वापरलेल्या केसमध्ये या स्प्रिंगा दबलेल्या असतात. नव्या स्वस्त आहेत, न बघता बदलून टाका. हे सगळं करूनही उडत असेल तर स्लीव्हचे (आतल्या गिअरना जोडणाऱ्या सरकत्या कडीचे) दात गोल झाले आहेत किंवा तिला सरकवणारा फोर्क झिजला आहे, म्हणजे केस उघडायची.

उभ्या चढावर फोर-एल सुटून न्यूट्रल झाली तर गाडी गिअरमध्ये असूनही मागे धावते, हे लक्षात ठेवा. ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये असेल तर गिअर टाकून उभी केलेली गाडीही उतारावर थांबत नाही. चाकाला दगड लावायची सवय ठेवा.

माझा आजार मात्र वेगळा होता. लिव्हर आधी फोर-एचमध्ये अडकायचा आणि मग काही आठवड्यांनी टू-एचकडे उडायला लागायचा. रबरं आणि स्प्रिंगा मी दोन्ही वेळा नव्या घातल्या होत्या. त्यांनी फोर-एल पक्की झाली, पण अडकणं थांबलं नाही. पुढचा आणि मागचा आउटपुट एकमेकांना जोडणारी स्लीव्ह जेव्हा दोन्ही बाजूंच्या ताणाखाली असते, तेव्हाच ती अशी अडकते. असा ताण बाहेरून येतो. केस तो फक्त सोसते.

ताण कुठून येतो ते शोधणं

अशा साध्या फोर बाय फोर गाडीत मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दात्यांची जोडणी) नसतो. लिव्हर फोर-एचमध्ये गेला की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकाच गतीने फिरतात, काहीही झालं तरी. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यापेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. माती किंवा चिखलात कुठलं तरी चाक घसरून तो फरक मिटवतं. डांबरावर किंवा काँक्रीटवर घसरायला जागा मिळत नाही, म्हणून ताण शाफ्टमध्ये साठत जातो आणि लिव्हर घट्ट पकडला जातो. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकू नये असं सांगतात ते याचसाठी.

इथेच मला एक जुनी गोष्ट आठवली. शेताच्या शेवटच्या चढाचा बराचसा भाग पूर्वी मुरूम आणि मातीचा होता. तिथे ही गाडी मी कितीतरी वर्षं विनातक्रार चालवली. मग त्या चढाला काँक्रीट झालं. माझी मूळ केस गेली ती त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात. तारखा समोर ठेवून बघितल्या तेव्हा ते जुळलं. त्याआधी दोन वर्षं मी हा संबंध लावलाच नव्हता.

पण नुसत्या काँक्रीटने एवढं व्हायला नको होतं. चढ जवळजवळ सरळ आहे, वळणं दोनच. सरळ रस्त्यावर पुढची-मागची चाकं सारखीच फिरायला हवीत. तरी ताण साठतो, याचा अर्थ ती सारखी फिरत नव्हती.

खात्री करायला दोन परीक्षा केल्या. पहिली: पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढला, काँक्रीटवर फोर-एचमध्ये गाडी शंभरेक मीटर चालवली, थांबून लिव्हर काढला. बोटाने निघाला. म्हणजे केसच्या आत अडकण्यासारखं काही नव्हतं. ज्यांच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब (चाक शाफ्टला जोडणारे किंवा सोडवणारे) आहेत, त्यांनी शाफ्ट न काढता हब "फ्री" करून हीच परीक्षा करावी.

दुसरी: शाफ्ट परत लावून त्याच रस्त्यावर चालवली, लिव्हर फोर-एचमध्येच ठेवून सपाट जागी उभी केली, बाकी चाकांना दगड लावले आणि पुढचं एक चाक जॅकवर उचललं. जमीन सोडताक्षणी चाक आपोआप झटका देऊन फिरलं. साठलेला ताण सुटला. ही परीक्षा करणाऱ्याने चाकाजवळ हात किंवा पाय ठेवू नये. झटका जोरात बसतो.

आधी टायर मोजले. चारही टायरांत सारखी हवा भरून, प्रत्येक टायरवर खडूची खूण करून गाडी सरळ ढकलली आणि एका फेऱ्यात जमिनीवर किती अंतर पडतं ते टेपने मोजलं. २०५/७० आर १५ टायरचा एक फेरा साधारण २ मीटर १० सेंटिमीटर भरतो. ८ मिलिमीटर नक्षीचा नवा टायर पुढे आणि ३ मिलिमीटर उरलेला मागे असेल तर फेऱ्यात तीनेक सेंटिमीटरचा, म्हणजे दीड टक्क्याचा फरक पडतो. तोही काँक्रीटवर त्रास देतो. माझ्या गाडीत फरक अर्ध्या टक्क्याच्या आतच निघाला.

उरले पुढच्या आणि मागच्या चाकांमधले डिफरन्शियल.

डिफरन्शियलचं प्रमाण न उघडता मोजणं

मागच्या डिफरन्शियलपासून सुरुवात केली. मागचं एक चाक जमिनीवर ठेवायचं, त्याला दोन्ही बाजूंनी दगड लावायचे, पुढच्या चाकांनाही लावायचे. दुसरं मागचं चाक उचलून जॅकस्टँडवर घ्यायचं, हँडब्रेक सोडायचा, ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची रेघ ओढायची. एकाने उचललेलं चाक हाताने बरोबर २० फेरे फिरवायचं, दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. दुसरं चाक थांबलेलं असल्यामुळे २० फेरे म्हणजे क्राउनचे (डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचे) १० फेरे होतात. म्हणून आलेल्या आकड्याला १० ने भागलं की प्रमाण, म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, ते मिळतं. पुढे तेच करायचं, फक्त लिव्हर टू-एचमध्ये आणि हब असतील तर "लॉक".

पुढे ३९ फेरे आणि थोडे वर आले. मागे ४१ आणि थोडे वर. विश्वास बसेना म्हणून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

३.९०९ हे किंगचं प्रमाण आहे: क्राउनचे ४३ दात, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे ११. ४.१११ हे १ लिटरच्या जिप्सीचं: ३७ आणि ९. माझ्या गाडीत पुढे एक आणि मागे दुसरं होतं. माझ्या आधीच्या मालकाकडे कधीतरी मागचा डिफरन्शियल गेला असणार आणि बाजारातून "जिप्सीचा" म्हणून मिळालेला बसवला गेला असणार. टू-एचमध्ये फक्त मागची चाकं ओढतात, म्हणून रोजच्या वापरात काहीच कळत नाही. एकच खूण समोर होती. जिप्सीचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसमधूनच, म्हणजे शाफ्टच्या गतीवरून चालतो. मागचं प्रमाण वाढल्यामुळे तो पाच टक्के जास्त दाखवत होता. फोनवर वेग कमी दिसतो हे मला माहीत होतं, पण सगळ्याच गाड्यांचे स्पीडोमीटर थोडं जास्त दाखवतात, म्हणून मी कधी विचार केला नाही.

५ टक्के ऐकायला थोडे वाटतात. रस्त्यावर त्याचा अर्थ असा: लिव्हर फोर-एचमध्ये असताना दर १०० मीटरला पुढची चाकं मागच्यांपेक्षा ५ मीटर जास्त चालू पाहतात, म्हणजे जवळजवळ अडीच फेरे. मुरमावर ते घसरून भरून निघायचं, वर्षानुवर्षं. काँक्रीटवर तोच फरक केसमधली स्लीव्ह, पुढच्या आउटपुटचं बेअरिंग, शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) आणि टायर यांच्यावर यायचा. आणि अडकलेला लिव्हर मी दोन्ही हातांनी ओढायचो तेव्हा फोर्क झिजायचा. मग गोल झालेल्या दातांवर स्लीव्ह टिकायची नाही आणि लिव्हर उडायला लागायचा. तिन्ही केसेसचा शेवट याच क्रमाने झाला.

दुरुस्ती काय केली

मागचा डिफरन्शियल ३.९०९ चा शोधून बसवला. शोधताना क्राउनचे दात मोजूनच घेतला. विकणाऱ्याने "किंगचाच आहे दादा" म्हटलं तरी मी त्याच्यासमोर मोजले. पहिला जो दाखवला तो ३७ दातांचा निघाला.

तिसरी केस उघडली. पुढच्या बाजूची स्लीव्ह, फोर्क, पुढच्या आउटपुटचं बेअरिंग आणि सगळी सीलं बदलली. पुढचं सील आधीही दोनदा बदललं होतं आणि दोन्ही वेळा महिन्याभरात गळलं. कारण या वेळी सापडलं. फ्लँजच्या गळ्यावर, जिथे सीलचा ओठ टेकतो तिथे, एक चर पडली होती. नख फिरवलं की अडकायचं. अशा गळ्यावर नवं सील कधीच टिकत नाही. फ्लँज बदलली. ती मिळत नसेल तर चांगल्या लेथवाल्याकडून गळ्यावर धातूची पातळ नळी चढवून घेता येते. ब्रीदरही (केसमधली हवा बाहेर सोडणारं भोक) साफ केला. तो चिखलाने गच्च भरला होता. केस तापली की आतली हवा सीलमधून वाट काढते, आणि तेलही तिथूनच बाहेर येतं. ब्रीदर बंद असलेल्या केसचं सील बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे.

तेल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच घाला. या केसमध्ये जेमतेम ०.८ लिटर बसतं. एवढं कमी तेल असल्यावर थोडी गळतीही लवकर महागात पडते. वापरलेली केस घेताना आतलं जुनं तेल एका पांढऱ्या ताटलीत काढून बघा. राखाडी, बोटावर रेशमासारखी लागणारी पेस्ट ही साधी झीज आहे. दुधाळ चहाच्या रंगाचं असेल तर आत पाणी गेलं आहे आणि बेअरिंगं गंजलेली असू शकतात. आकार ओळखता येईल असा धातूचा तुकडा दिसला तर ती केस घेऊ नका.

आवाजाबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून तेही सांगतो. जिप्सीच्या केसमध्ये हाय रेंजलाही सरळ जोड नाही. ताकद नेहमी दात्यांतून फिरूनच जाते, त्यामुळे हलकी गुणगुण ही तिची सवयच आहे. ती वाढली आहे असं वाटत असेल तर गाडी सपाट जागी दगड लावून उभी करा, ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये ठेवा, गिअर टाका आणि क्लच सोडा. फक्त इनपुटकडची बाजू फिरेल. आवाज तिथेच येत असेल तर इनपुट किंवा काउंटर शाफ्टची (मधल्या शाफ्टची) बेअरिंगं. तिथे शांत आणि चालवताना घरघर असेल तर आउटपुटकडे बघा. ६०-७० च्या वेगाला थरथर असेल तर आधी आखूड शाफ्टचे क्रॉस आणि माउंटिंगची उंची तपासा. माझ्या अनुभवात अशा थरथरीला केस क्वचितच कारण असते.

जुन्या महिंद्रा जीपवाल्यांनी हे वाचताना एक फरक ध्यानात ठेवावा. तिथे ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच जोडलेली असते. मधलं सील गेलं की एकाचं तेल दुसऱ्यात जातं. एकाची पातळी घटते आणि दुसऱ्याची वाढते, बाहेर मात्र थेंबही पडत नाही. दोन्ही प्लग एकाच वेळी उघडून पातळी बघा. चेनवर चालणाऱ्या नव्या केसेसमध्ये चेन सैल पडली की जोर देताना कटकट आवाज करत ती दातांवरून उडते. तिथे लिव्हर कितीही नीट बसवला तरी फरक पडत नाही. टायर आणि डिफरन्शियल मोजण्याची गोष्ट मात्र या सगळ्यांना सारखीच लागू आहे.

डिफरन्शियल बदलून आता दोन पावसाळे झाले. काँक्रीटच्या चढावर मी फोर बाय फोर टाकतो ती फक्त ओल्यात, आणि वर पोहोचल्यावर पाचेक मीटर सरळ मागे घेऊन लिव्हर काढतो. एका हाताने निघतो. स्पीडोमीटर आणि फोन यांच्यातलं अंतरही बरंच कमी झालं आहे. पुढच्या आणि मागच्या दोन्ही हाऊसिंगवर मी पिवळ्या रंगाने मोठ्या आकड्यांत ४३/११ लिहून ठेवलं आहे, म्हणजे उद्या ही गाडी ज्या मिस्त्रींच्या हाताखाली जाईल त्यांना ते गाडीखाली गेल्या गेल्या दिसेल.